थायरॉईड कमी आहे का, हे पाहण्यासाठी रक्त कसे द्यावे आणि रिपोर्ट कसा वाचावा

ठाणे आणि नवी मुंबई मिळून २७ वर्षे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचे आणि तपासण्याचे काम केले. साखरेच्या खालोखाल सर्वाधिक चिठ्ठ्या येत त्या थायरॉईडच्या, आणि पूर्वतयारीबाबत सर्वाधिक हलगर्जीपणाही याच चाचणीच्या वाट्याला येई. साखरेसाठी लोक न चुकता उपाशी येतात. थायरॉईडसाठी मात्र कोणी सकाळची गोळी घेऊन येतो, कोणी दुपारी जेवून, तर कोणी आठवडाभराच्या तापातून नुकताच उठून. मग तीन रिपोर्ट तीन तऱ्हेचे आले की दोष लॅबला नाहीतर गोळीला दिला जातो. गोळी सुरू करणे, बंद करणे किंवा तिचे प्रमाण बदलणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु त्यांच्यापुढे जाणारा आकडा भरवशाचा असावा, ही गोष्ट बऱ्याच अंशी रक्त देणाऱ्याच्या हातात असते, आणि ती कशी साधावी हे मला येथे सविस्तर सांगायचे आहे.

रक्तात नेमके काय मोजले जाते

गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून थायरॉईड ही ग्रंथी असते. ती मुख्यत्वे टी-फोर आणि थोड्या प्रमाणात टी-थ्री अशी दोन संप्रेरके तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, त्वचेचा ओलावा, पाळीचे चक्र, शरीरातील उष्णता या साऱ्यांची गती त्यांच्यावर अवलंबून असते. या ग्रंथीच्या कामावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची नजर असते. रक्तातले टी-फोर कमी पडू लागले की पिट्युटरी टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि थायरॉईडला जास्त कामाला जुंपते. म्हणून थायरॉईड कमी असतो तेव्हा टीएसएच वाढलेले दिसते. ‘टीएसएच वाढले म्हणजे थायरॉईड वाढला’ असे समजून घाबरलेली माणसे मला दर आठवड्याला भेटत, आणि प्रत्येक वेळी हे उलटे गणित कागदावर काढून दाखवावे लागे.

या दोहोंचा संबंध सम प्रमाणातला नाही. टी-फोर निम्म्यावर आले तर टीएसएच शंभर पटींपर्यंत चढू शकते. त्यामुळे टी-फोर अजून सामान्य मर्यादेत असतानाच टीएसएच वाढू लागते, आणि याच कारणाने पहिली चाचणी म्हणून डॉक्टर टीएसएच लिहून देतात. ते वाढलेले निघाले तर पुढची पायरी म्हणजे फ्री टी-फोर. येथे ‘फ्री’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रक्तातले ९९.९ टक्क्यांहून अधिक टी-फोर प्रथिनांना चिकटलेले असते आणि जो कणभर भाग मोकळा असतो तोच पेशींच्या उपयोगी पडतो. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात, त्यामुळे एकूण टी-फोरचा आकडा वाढतो. मोकळा भाग मात्र त्या प्रमाणात वाढलेला नसतो. पॅकेजमध्ये ‘थायरॉईड प्रोफाइल’ म्हणून ज्या तीन चाचण्या मिळतात, त्यांत बहुधा टी-थ्री आणि टी-फोर हे एकूण प्रमाणातले असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी नेमके काय तपासणार आहेत हे विचारून घ्यावे. थायरॉईड कमी असल्याची शंका असताना टी-थ्रीचा उपयोग फार थोडा होतो, कारण आजार बराच वाढेपर्यंत शरीर टी-थ्री सावरून धरते.

तिसरी चाचणी अँटी-टीपीओची. आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचलेल्या भागांत थायरॉईड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. या हल्ल्याची खूण म्हणजे अँटी-टीपीओ ही प्रतिद्रव्ये. टीएसएच थोडेसे वाढलेले असताना ती सापडली, तर पुढे थायरॉईड खरोखरच कमी होण्याची शक्यता अधिक असते. ही चाचणी एकदा केली की पुरे. तिचा आकडा वर-खाली झाल्याने उपचार बदलत नाहीत, त्यामुळे दर वेळी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

तपासणी कोणाला हवी

थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, जड आवाज, मंद नाडी, पाळीत जास्त रक्तस्राव, मन उदास राहणे या तक्रारी इतर कित्येक कारणांनी होतात. मला मात्र एक बाई नीट आठवतात. मे महिन्यात, ठाण्याच्या उकाड्यात रांगेतली बाकीची माणसे रुमालाने मान पुसत असताना त्या साडीवर स्वेटर घालून बसल्या होत्या आणि पंखा बंद करा म्हणत होत्या. त्यांचे टीएसएच १०० च्या वर निघाले. इतकी ठळक लक्षणे थोड्यांनाच असतात. घरात आई किंवा बहिणीला थायरॉईड असणे, पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉईडची शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेला असणे, अॅमिओडॅरोन किंवा लिथियम (अनुक्रमे हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीचे आणि मनाच्या आजारासाठीचे औषध) चालू असणे, मूल राहण्यास अडचण येणे, बाळंतपणानंतरच्या वर्षात न ओसरणारा थकवा, आणि अचानक वाढलेले कोलेस्टेरॉल, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांकडे चाचणीचा विषय आपणहून काढावा. कोलेस्टेरॉलचा मुद्दा बऱ्याचदा निसटतो. थायरॉईड कमी असल्यामुळेच ते वाढलेले असेल, तर थायरॉईड ताळ्यावर आल्यावर तेही उतरते.

कोणत्या दिवशी आणि किती वाजता

टीएसएच दिवसभर एकसारखे राहत नाही. रात्री आणि पहाटे ते सर्वांत जास्त असते, सकाळ सरताना उतरू लागते आणि दुपारी सर्वांत कमी होते. जेवणानंतरही ते काहीसे खाली येते. एरवी या फरकाने बिघडत नाही, पण आकडा मर्यादेच्या काठावर असेल तेव्हा सकाळी आठला ‘वाढलेले’ दिसणारे टीएसएच दुपारी दोनला ‘नॉर्मल’ दिसू शकते. याखेरीज एकाच निरोगी माणसाच्या दोन वेळच्या आकड्यांत ४० ते ५० टक्क्यांपर्यंत फरक केवळ नैसर्गिक चढउतारानेही पडतो.

नौपाड्यातील एक काकू, वय ७१, चार रिपोर्ट पिशवीत घालून माझ्याकडे आल्या होत्या. आम्ही ते टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. जानेवारीत ६.९, मार्चमध्ये ३.८, जूनमध्ये ७.४, ऑगस्टमध्ये ४.६. मधल्या काळात २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली. प्रत्येक रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ बारीक अक्षरांत छापलेली असते. ती पाहिल्यावर जानेवारीचे रक्त सकाळी सव्वासातचे आणि मार्चचे दुपारी दोनचे, जेवणानंतरचे, निघाले. जूनमध्ये त्या नुकत्याच न्यूमोनियातून उठल्या होत्या. शिवाय चार रिपोर्ट तीन वेगवेगळ्या लॅबचे होते, कारण जिथे सवलत असेल तिथे मुलगा नाव नोंदवत असे. मार्चमधला आकडा गोळीने उतरला की दुपारच्या वेळेमुळे, हे कोणालाही सांगता येणार नव्हते. सात महिन्यांची चिंता, तीन वेळा बदललेला उपचार, आणि हाताशी तुलना करण्याजोगे दोन आकडेही नाहीत, हे पाहून मला फार वाईट वाटले. त्यांना कोणीही, कधीही, काही विचारले नव्हते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की वेळ ठरवून घ्यावी आणि दर वेळी तीच पाळावी. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, रात्रीच्या झोपेनंतर, काही न खाता रक्त देणे सर्वांत सोयीचे. टीएसएचसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही, साधे पाणी अवश्य प्यावे. उपाशी येण्याचा फायदा इतकाच की प्रत्येक वेळची परिस्थिती सारखी राहते. ठाणे-वाशी गाडी पकडून कामावर जाणाऱ्यांनी स्टेशनाकडे जाताना वाटेतच रक्त दिले तर दिवस मोडत नाही आणि वेळही आपोआप तीच राहते. ऐरोली किंवा महापे येथे रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. रात्रभर जागल्याने टीएसएच वाढते, त्यामुळे पाळी संपवून थेट लॅबमध्ये येऊ नये; सुट्टीच्या दिवशी, रात्रीची नीट झोप झाल्यावर यावे.

आजारपणात ही चाचणी टाळावी. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांची साथ असते, आणि तापात ‘सगळेच तपासून घेऊ’ म्हणून थायरॉईडही लिहिले जाते. मोठ्या आजारात शरीर टी-थ्री आणि टीएसएच तात्पुरते खाली आणते, तर बरे होत असताना टीएसएच काही काळ मर्यादेच्या वर जाते. दोन्ही आकडे फसवे असतात. थायरॉईडचीच ठोस शंका नसेल, तर पूर्ण बरे झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबावे.

गोळ्या: घेतलेल्या, न घेतलेल्या आणि न सांगितलेल्या

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड कमी असताना देतात ती टी-फोरची, गोळी चालू असेल तर रक्त देईपर्यंत त्या दिवशीची गोळी घेऊ नये. ती सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. एका गोळीने टीएसएच काही तासांत बदलत नाही, पण फ्री टी-फोर काही तास १५ ते २० टक्क्यांपर्यंत चढलेले राहू शकते आणि प्रमाण जास्त झाल्याचा भास होतो. आदल्या दिवसाची गोळी मात्र चुकवू नये. ‘गोळीशिवाय खरा थायरॉईड कळावा’ म्हणून आठ दिवस आधीपासून गोळी सोडणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यातून काहीही कळत नाही, नुकसान तेवढे होते.

याउलट प्रकारही असतो, आणि तो रक्तात उघड दिसतो. महिनोन्महिने गोळ्या विसरायच्या आणि चाचणीच्या आधीचे चार दिवस मनापासून घ्यायच्या, असे केले की फ्री टी-फोर व्यवस्थित किंवा चढे दिसते आणि टीएसएच मात्र वाढलेलेच राहते, कारण टीएसएच खाली यायला आठवडे लागतात. असा रिपोर्ट पाहून प्रमाण वाढवले गेले आणि रुग्णाने ते वाढलेले प्रमाण पुढे नियमाने घेतले, तर छातीत धडधड सुरू होते. गोळ्या चुकल्या असतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. यात कोणी रागवावे असे काही नाही.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-कॉफी आणि नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापासून तिला चार तास दूर ठेवावे, कारण त्या तिला आतड्यातच अडवतात. हे नियम मोडत असतील तर वाढलेले टीएसएच गोळीचे प्रमाण कमी असल्याचे सांगत नाही, गोळी अंगी लागत नसल्याचे सांगते. माझ्या आईचे टीएसएच एका सप्टेंबरात कारण नसताना वाढले होते. तिची औषधाची बाटली गॅसच्या ओट्याशेजारी, खिडकीत, अर्धवट झाकण लावलेली असे. वरून ऊन, बाजूने वाफ आणि चार महिन्यांची पावसाळी हवा. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, उजेड आणि ओलावा या तिन्हींनी क्षीण होते. नवी बाटली आणून ती आतल्या खोलीतील कपाटात ठेवली आणि प्रमाण न बदलता दोन महिन्यांनी आकडा पूर्ववत झाला. तेव्हापासून प्रमाण वाढवण्याची वेळ आली की मी आधी बाटली कोठे ठेवता हे विचारते.

आता बायोटिन या जीवनसत्त्वाविषयी. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत ते सर्रास ५ ते १० मिलिग्रॅम असते. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी कमी. थायरॉईड तपासणाऱ्या अनेक यंत्रांच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर मोजणी चुकते, आणि तीही अशा रीतीने की टीएसएच खोटे कमी व फ्री टी-फोर खोटे जास्त दिसते. घणसोलीची एक तरुणी केस गळतात म्हणून त्या गोळ्या घेत होती. केस गळत होते थायरॉईड मंदावल्यामुळे, आणि रिपोर्ट सांगत होता की थायरॉईड जास्त आहे. तिची नाडी मंद, त्वचा कोरडी, चेहरा सुजलेला; समोरची व्यक्ती आणि कागद यांचा मेळच बसेना. बायोटिन थांबवून चार दिवसांनी पुन्हा रक्त घेतले, तेव्हा टीएसएच वाढलेले आले. किमान दोन दिवस, आणि प्रमाण मोठे असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून अधिक काळ, बायोटिन बंद ठेवूनच रक्त द्यावे. लोक या गोळ्यांना औषध समजत नाहीत, म्हणून ‘काही औषधे चालू आहेत का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. स्टिरॉइड, फिट्सवरचे फेनिटॉइन, लिथियम, अॅमिओडॅरोन यांबद्दलही न विचारता सांगावे.

लॅब निवडताना

दोन्ही शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर कलेक्शन सेंटर आहे, आणि रक्त जिथे घेतात तिथेच ते तपासले जाते असे नाही. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मोठ्या प्रयोगशाळांत तर दूरदूरच्या शहरांतून नमुने येतात. त्यात गैर काही नाही. मात्र तपासणी कोठे होणार, त्या प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का आणि रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही असते का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. खर्च परवडत नसल्यास कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीतील महापालिकेचे रुग्णालय येथे केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवावे आणि चाचणीची चौकशी करावी.

एकदा निवडलेली लॅब मात्र बदलू नये. रक्तातले इतके सूक्ष्म संप्रेरक मोजण्याची पहिली खात्रीची रीत अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी अणूंच्या मदतीने बसवली आणि त्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पद्धतीने थायरॉईड तपासण्याचे किट आपल्या वाशीतच, अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या मंडळात तयार होत. माझी उमेदवारी त्याच किटवर झाली, म्हणून त्याबद्दल मला आजही जिव्हाळा वाटतो. आता बहुतेक ठिकाणी प्रकाशाच्या उत्सर्जनावर चालणारी यंत्रे आहेत. ती अधिक संवेदनशील आहेत, परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचा आकडा थोडा वेगळा येतो आणि त्यामुळे सामान्य मर्यादाही वेगवेगळ्या छापल्या जातात. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करणे म्हणजे दोन दुकानांतल्या दोन काट्यांवर वजन करून घटले की वाढले ते ठरवण्यासारखे आहे.

रक्त देताना

ही गोष्ट दोन मिनिटांची आहे. पूर्ण नाव आणि वय स्वतः सांगावे. समोरच्याने वाचलेल्या नावाला नुसती मान डोलावू नये. कोपराच्या वर पट्टा बांधतात, शीर चाचपतात, स्पिरिट वाळू देतात आणि बहुधा पिवळ्या झाकणाच्या नळीत तीन ते पाच मिलिलिटर रक्त घेतात. नळीवरची चिठ्ठी आपल्या डोळ्यांसमोर लावली जात आहे हे पाहावे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाकडूनही एवढी अपेक्षा ठेवावी, कारण एका इमारतीत पाच घरे केल्यावर बॅगेत पाच नळ्या झालेल्या असतात. सुई काढल्यावर कोपर दुमडू नये, त्याने काळे-निळे पडते. हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटे दाबून धरावा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ धरावा. चक्कर येण्याची सवय असल्यास आधीच सांगून आडवे होऊन रक्त द्यावे.

फॉर्मवर वेळ, शेवटची गोळी कधी घेतली, चालू औषधे आणि गरोदरपण असल्यास कितवा आठवडा, या चार गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरावा. लिहायला जागा नसेल तर कडेला लिहायला सांगावे.

रिपोर्ट वाचताना

टीएसएचची सामान्य मर्यादा प्रौढांत साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ मिलियुनिट प्रति लिटर अशी छापलेली असते. मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर असे लिहिले तरी आकडा तोच राहतो. फ्री टी-फोरची एकके मात्र दोन आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत: नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधला १ हा पिकोमोल प्रति लिटरमध्ये सुमारे १२.९ होतो. परदेशातील मुलाकडे राहून आलेले आजी-आजोबा तिकडचा रिपोर्ट दाखवतात तेव्हा हा घोळ हमखास होतो.

टीएसएच वाढलेले आणि फ्री टी-फोर कमी, असे असेल तर थायरॉईड कमी असल्याचे निदान जवळजवळ निश्चित असते आणि उपचार लगेच सुरू होतात. टीएसएच वाढलेले पण फ्री टी-फोर सामान्य, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि घाई सर्वांत जास्त येथेच केली जाते. अशा कित्येकांचे टीएसएच काही काळाने आपोआप मर्यादेत येते, म्हणून त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून आणि जोडीला एकदा अँटी-टीपीओ पाहून मगच डॉक्टर ठरवतात. आकडा १० च्या वर टिकून राहिला तर बहुधा गोळी सुरू करतात. त्याखाली असेल तर वय, लक्षणे, प्रतिद्रव्ये, हृदयविकाराचा धोका आणि मूल हवे असण्याचा विचार, हे सारे पाहून निर्णय होतो. सत्तरीनंतर टीएसएच जरासे वाढणे हे वयाला धरूनच असते. नौपाड्याच्या काकूंची गोळी डॉक्टरांनी थांबवली. त्यानंतर दोन महिन्यांनी सकाळी आठला, त्याच लॅबमध्ये घेतलेला आकडा ५.३ आला, फ्री टी-फोर उत्तम होते, आणि गोळीशिवाय नुसते लक्ष ठेवायचे ठरले.

फ्री टी-फोर कमी आणि टीएसएच मात्र कमी किंवा सामान्य, असा रिपोर्ट दुर्मिळ असला तरी त्यात वेळ घालवू नये. अशा वेळी बिघाड थायरॉईडमध्ये नसून पिट्युटरीत असण्याची शक्यता असते आणि नुसते टीएसएच तपासले असते तर तो दिसलाच नसता. तेथे थायरॉईडची गोळी देण्यापूर्वी कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडावरील ग्रंथींचे संप्रेरकही पाहावे लागते, कारण ते कमी असताना ही गोळी सुरू केली तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. आणि जेव्हा आकडे शरीराशी अजिबात जुळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी करून मिळेल का, हे पॅथॉलॉजिस्टना सरळ विचारावे. रक्तातील काही प्रतिद्रव्येही मोजणीत अडथळा आणतात, आणि चांगला पॅथॉलॉजिस्ट अशा प्रश्नाने रागावत नाही.

गरोदरपण आणि नवजात बाळ

पहिल्या तीन महिन्यांत बाळ आपल्या वाढीसाठी आईच्याच थायरॉईडवर विसंबून असते. या काळात गर्भारपणातील एचसीजी या संप्रेरकामुळे आईचे टीएसएच एरवीपेक्षा कमी दिसते, म्हणून त्याच्या मर्यादाही वेगळ्या लावाव्या लागतात. रिपोर्टवर छापलेली साधी मर्यादा येथे पुरेशी नाही. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता, डॉक्टरांना फोन करावा, कारण बहुतेकींना गोळीचे प्रमाण वाढवावे लागते. त्यानंतर गरोदरपणाचा अर्धा काळ उलटेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास टीएसएच तपासतात.

बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड तपासण्याबद्दल प्रसूतिगृहात स्वतःहून विचारावे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी बाळाचे टीएसएच नैसर्गिकरीत्याच खूप चढते, म्हणून हे रक्त शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यावे लागते, आणि लवकर घरी सोडल्यास ते राहून जाते. जन्मतः थायरॉईड कमी असलेले बाळ पहिल्या दिवसांत अगदी सुदृढ दिसते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्याची बुद्धी इतर मुलांप्रमाणेच वाढते, उशीर झाला तर झालेले नुकसान भरून येत नाही. सव्वा महिन्याच्या विश्रांतीनंतर बघू, असे या एका बाबतीत कोणीही म्हणू नये, हे मी हात जोडून सांगते.

पुढची तारीख

गोळी सुरू झाल्यावर किंवा तिचे प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. टी-फोर रक्तात निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्याची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्या मागून सावकाश येते. पंधरा दिवसांत ‘फरक पडला का’ म्हणून केलेली चाचणी अर्ध्या वाटेवरचा आकडा दाखवते. आकडा मर्यादेत आल्यावर एकदा सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी पुरते. वजनात मोठा बदल, नवे औषध, गोळीची कंपनी बदलणे किंवा जुनी लक्षणे परत येणे, यांपैकी काही झाले तर आधी. अंगावर सूज, न उतरणारी गुंगी, गार पडलेले शरीर आणि मंद श्वास अशी स्थिती वयस्कर रुग्णात दिसली, तर लॅबकडे न जाता थेट रुग्णालयात न्यावे.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सिलिंडर लावल्याची तारीख आपण लिहितोच. तिच्याशेजारी गोळीचे प्रमाण बदलल्याची तारीख लिहावी, तेथून सात आठवडे मोजून त्या चौकोनात ‘टीएसएच, सकाळी आठ, गोळी नंतर’ एवढे लिहून ठेवावे, आणि जुने सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ती फाइल दर भेटीला डॉक्टरांपुढे उघडी ठेवावी.